पानं फाल्गुनात गळतात, खत आषाढात लागतं: गल्लीतल्या पाल्यापाचोळ्याच्या खताबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात एकाच गल्लीतली 11 घरं मिळून आवारातल्या कचऱ्याचं खत करू पाहत आहेत. 6 मोठे कडुनिंब, 2 आंबे, 1 चिंच, शिवाय घरोघरच्या परसबागेतलं तण आणि छाटणी. पानंच दरवर्षी 60-70 पोती निघतात. 10 फूट लांब, 4 फूट रुंद, 3 फूट खोल खड्डा केला. पावसाळ्यात त्यात पाणी साचून घाण वास सुटला, उन्हाळ्यात पानं जशीच्या तशी राहिली, खाली उधई (वाळवी) लागली. विकत आणलेले गांडूळ एप्रिलमध्ये मेले. आता मार्च चालू आहे, पुन्हा पानांचे ढीग लागले आहेत, आणि लोक म्हणतात की काडी लावून मोकळं व्हा. विचारणाऱ्या भाऊंना कोणतं कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) टाकावं हे हवं आहे.

भाऊ, कल्चरचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमचं गणित पाण्यावर आणि वेळेवर चुकलं आहे. आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. नेमक्या त्याच दिवसांत विहिरी खाली जातात, हिरवं गवत कुठे दिसत नाही आणि ऊन 45 अंशांकडे निघालेलं असतं. कुजायला लागणारा ओलावा आणि हिरवा पाला येतो जून-जुलैत, तेव्हा पानं एकतर जळून गेलेली असतात किंवा पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सडत असतात. म्हणून मार्चमध्ये खत करायला घेऊच नका. मार्चमध्ये पानं साठवा, जुलैत खताची टाकी भरा. एवढा एक बदल केला तर तुमच्या निम्म्याहून अधिक अडचणी उरत नाहीत.

खड्डा का फसला तेही समजून घ्या, नाहीतर नवीन जागी तेच होईल. कमी पावसाच्या मुलखात खड्डा चांगला, कारण ओल टिकते. जास्त पावसाच्या मुलखात ढीग चांगला, कारण पाणी निथळतं. विदर्भात एकाच वर्षात दोन्ही हवामानं येतात. त्यात तुमची जमीन काळी, चिकणमातीची. पावसाळ्यात ती फुगते आणि खड्ड्याच्या तळातून पाणी मुरत नाही. तो खड्डा म्हणजे हौदच होतो. पाण्याखाली हवा नाही, हवा नसली की कुजणं थांबून सडणं सुरू होतं, आणि तोच तुम्हाला आलेला वास. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि कडेने सगळी ओल निघून जाते. म्हणून जमिनीच्या वर बांधलेली, भिंतीला छिद्रं असलेली टाकी आपल्याला सोयीची. ही पद्धत आपल्याच भागातली आहे. पुसदचे पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेप काका म्हणतात, त्यांच्या नावाने ती देशभर ओळखली जाते.

आधी आत्ताचं काम, म्हणजे साठवण. 4 फूट उंचीची तारेची जाळी 13 फूट लांब घ्या आणि टोकं जोडून गोल उभी करा. साधारण 4 फूट व्यासाचं कुंपण तयार होतं. त्यात पानं टाकत जायची आणि दर फूटभर थरानंतर आत उतरून तुडवायची. अशा एका जाळीत 100 किलोच्या आसपास कोरडी पानं बसतात. मोठ्या पोत्यात हाताने दाबून 8 किलोच्या आसपास पानं मावतात, म्हणजे तुमची 60-70 पोती झाली 500 किलो. 5 जाळ्या पुरतात. जाळीला पैसे घालायचे नसतील तर तुराट्यांची (तुरीच्या वाळल्या काड्यांची) ताटी बांधून गोल करा, काम तेच होतं. जागा मात्र चुलीपासून, गोठ्यापासून, कुटाराच्या ढिगापासून आणि विजेच्या तारेखालून दूर हवी. साठवलेला कोरडा पाला म्हणजे सरपणच आहे, एक बिडी पुरते. वरून एखादी जुनी ताडपत्री किंवा पोती आणि त्यावर दगड, म्हणजे वावटळीत पानं पुन्हा गल्लीभर होत नाहीत. घराच्या भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लावून साठवू नका, उधईला वाट मिळते. जाळीखाली विटांचे तुकडे किंवा मुरूम पसरून घ्या.

सगळीच पानं साठवायलाही नकोत. लिंबू, आंबा, पेरू, संत्रा यांच्या आळ्यात 3-4 इंच जाड आच्छादन आत्ताच घाला, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. उन्हाळ्यात दोन पाण्यांमधलं अंतर त्याने वाढतं, आणि पावसाळ्यात ती पानं जागच्या जागी कुजतात. हे सगळ्यात स्वस्त खत आहे आणि लोक नेमकं तेच पेटवतात. पेटवल्यावर पानातला नत्र (नायट्रोजन) हवेत जातो आणि उरलेली राख वाऱ्यावर. धूर जातो शेजारच्या दमेकऱ्याच्या आणि लेकराच्या छातीत. गल्लीतल्या लोकांना सांगताना खताचा फायदा नंतर सांगा, आधी धुराचं सांगा. ते सगळ्यांना लगेच पटतं.

आता टाकी. नाडेपचं रूढ माप 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. ती एकदा भरायला 1400-1500 किलो काडीकचरा, 90-100 किलो शेण आणि 1700 किलोच्या वर माती लागते. तुमच्याकडे एवढा माल एका वेळी जमणार नाही, आणि अर्धी भरलेली टाकी कधीच नीट तापत नाही. तुमच्यासाठी 6 फूट लांब, 4 फूट रुंद, 3 फूट उंच अशा दोन टाक्या ठीक. विटांचं बांधकाम मातीत करा, फक्त शेवटचा थर सिमेंटमध्ये. भिंत 9 इंची. दोन थर सलग, तिसऱ्या थरात 7-7 इंचांची छिद्रं, असं करत तिसरा, सहावा, नववा थर छिद्रांचा ठेवायचा. वरच्या रांगेतलं छिद्र खालच्या दोन छिद्रांच्या मधोमध यावं, म्हणजे हवा सगळीकडे पोचते आणि भिंतही कमजोर होत नाही. तळ ठोकून घट्ट करा आणि एका बाजूला बोटभर उतार द्या. विटा परवडत नसतील तर चार कोपऱ्यांना खांब रोवून तुराट्यांच्या ताटीच्या भिंती करा. एखादं-दोन वर्षं टिकतात, मग त्याच टाकीत घालून त्यांचंही खत होतं. नाडेपची कामं रोजगार हमीत झालेली आहेत, तेव्हा सार्वजनिक जागा वापरणार असाल तर ग्रामसभेत विषय ठेवून ग्रामपंचायतीकडे मागणी करून बघा. विहीर किंवा हातपंपापासून निदान 50 फूट लांब, उंचवट्यावर आणि दुपारनंतर सावली येईल अशी जागा पाहा. कडुनिंबाच्या पूर्वेला मिळाली तर फार बरं.

भरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, दोन-तीन पाऊस होऊन तण गुडघ्याला आलं की. यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगतो.

कोरड्या पानांत कर्ब (कार्बन) खूप आणि नत्र कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना दर 25-30 भाग कर्बामागे 1 भाग नत्र लागतो. गळलेल्या पानांत हे प्रमाण बरेचदा 50 भागांच्या वर असतं. हिरवं तण आणि शेण नत्राची ही तूट भरतात. टोपल्यांचा हिशेब धरा: 2 टोपल्या तुडवलेली कोरडी पानं, तर 1 ते दीड टोपली हिरवं. वजनात हिरवं पानांपेक्षा जास्तच भरतं, घाबरू नका.

तळाला पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) किंवा तुराटीच्या जाड काड्यांचा 6 इंच थर, आडवा-उभा. हा थर कुजण्यासाठी नसतो, खालून हवा खेळावी आणि जादा पाणी निघून जावं म्हणून असतो. पऱ्हाटी वापरताना तिला राहिलेली किडकी बोंडं आधी तोडून नष्ट करा, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून असते. भिंतींना आतून आणि तळाला शेणाचं पातळ पाणी शिंपडा. मग पानांचा 6 इंच थर, या मापाच्या टाकीत तो साधारण 30 किलोचा होतो. त्यावर 3-4 इंच चिरलेलं हिरवं. त्यावर 8-10 किलो शेण 30-35 लिटर पाण्यात कालवून सगळीकडे सारखं. शेवटी एक-दीड घमेलं चाळलेली माती. असे 8 थर बसतात, तोवर 240-250 किलो पानं, 80 किलो शेण आणि दीड ड्रम पाणी लागलेलं असतं.

मातीबद्दल माझं मत रूढ पद्धतीपेक्षा थोडं वेगळं आहे. नाडेपमध्ये माती भरपूर घालतात, कारण ती ओल आणि नत्र धरून ठेवते. मुरमाड किंवा हलक्या जमिनीत ते बरोबरच. पण काळी चिकणमाती तेवढी घातली तर ती ओली होऊन गारा धरते, थरांमधली हवा बंद होते आणि शेवटी खताऐवजी ढेकळं निघतात. म्हणून काळ्या जमिनीच्या गावात मी माती निम्म्याहून कमी सांगतो, आणि तीही गोठ्यातली गोमूत्र मुरलेली, वाळवून चाळलेली असली तर उत्तम.

पाण्याची चूक ही की लोक थर रचून वरून बादली ओततात. कडुनिंबाच्या आणि आंब्याच्या पानांवर मेणासारखा थर असतो. पाणी त्यावरून घसरून फटींतून तळाला जातं, वरचं ओलं, खालचं चिखल आणि मधलं कोरडं ठणठणीत. 100 किलो कोरड्या पानांना खरोखर ओलं व्हायला 100 ते 120 लिटर पाणी प्यावं लागतं. सोपा उपाय असा की जाळ्यांवरची ताडपत्री जूनच्या पहिल्या पावसाला काढून टाकायची. पाऊस तुमची पानं फुकट भिजवून देतो. तरी आत कोरडी राहिली तर भरणीच्या आदल्या रात्री शेणपाण्यात भिजत घाला. तपासायचं कसं, तर मूठभर माल पिळायचा: बोटांच्या फटीत पाण्याचे एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी.

वर दीड फुटांपर्यंत उतरत्या छपरासारखं रचा आणि माती-शेणाच्या काल्याने 2-3 इंच लिंपून घ्या. भेगा पडल्या की पुन्हा लिंपायचं. पावसाच्या झडीसाठी वर टिनाचा पत्रा किंवा ताडपत्री टाका, पण काड्यांच्या कमानीवर, मालाला टेकू न देता, आणि बाजूची छिद्रं उघडी ठेवून. 15-20 दिवसांत माल 8-9 इंच खाली बसतो. तेव्हा लिंपण फोडून त्याच क्रमाने पुन्हा भरायचं आणि परत लिंपायचं. ही दुसरी भरणी लोक विसरतात आणि मग टाकीतून अर्धंच खत निघालं म्हणतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला पाहिजे. आतलं तापमान 55-60 अंशांवर काही दिवस राहिलं तर तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. सळई थंड निघाली तर आतला माल काढून पाहा: कोरडा असेल तर पाणी कमी पडलं, ओला असूनही थंड असेल तर नत्र कमी पडला, आणि ओला, काळपट आणि वास मारणारा असेल तर हवा कमी पडली. पहिल्याला छिद्रांतून शेणपाणी घाला. दुसऱ्याला शेण किंवा हिरवं वाढवा. तिसऱ्याला टाकी उपसून, जाड काड्या आणि कोरडी पानं मिसळून पुन्हा रचण्याला पर्याय नाही. वर काहीही शिंपडून तो वास जात नाही.

जुलैत भरलेली टाकी नोव्हेंबरच्या सुमारास तयार होते, म्हणजे हिवाळी भाजीपाल्याला वेळेवर. दुसरी टाकी सप्टेंबरच्या शेवटी भरा, उरलेली पानं आणि परतीच्या पावसानंतरचं तण घालून. ती थंडीमुळे थोडी रेंगाळते, फेब्रुवारीत उपसायला येते. मग मार्च ते जून टाक्या रिकाम्या ठेवून जाळ्या भरायच्या. उन्हाळ्यात टाकी चालू ठेवता येत नाही असं नाही, पण त्यासाठी आठवड्याला ड्रमभर पाणी लागेल, आणि ज्या गावात एप्रिलमध्ये बायांना पाण्यासाठी फिरावं लागतं तिथे ते पाणी पाचोळ्यावर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

काय घालू नये, तेही बघा. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटलेलं असेल तर जरूर घाला, त्यात नत्र चांगला असतो. फुललेलं घालू नका. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, त्याने अनेकांना खाज सुटते आणि दमाही उठतो. हरळी आणि नागरमोथ्याच्या गाठी ओल्या घातल्या तर खताबरोबर त्या सगळ्या परसबागांत पोचतील. त्या मे महिन्याच्या उन्हात 2-3 आठवडे कडकडीत वाळवून मगच घ्या. बेशरमचंही तसंच, तिच्या कांडीला ओल मिळाली की फुटते. तणनाशक मारलेलं गवत या टाकीत नको. डिंक्या रोग (बुंध्यातून डिंक गळतो तो) लागलेल्या संत्र्या-लिंबाची मुळं आणि साल वेगळी काढून नष्ट करा. बाभूळ-बोरीच्या काटेरी फांद्या नको. काटा लवकर कुजत नाही आणि खत पसरवताना पायात जातो. हाडं आणि उष्टं मटण नको, कुत्री टाकी उकरतात. खर्र्याच्या पन्न्या आणि शाम्पूच्या पुड्या वेचण्याचं काम पानं गोळा करतानाच करा. कुजल्यावर त्या वेचणं कुणाला जमत नाही, आणि एकदा वावरात गेल्या की गेल्याच.

सागाची पानं तुमच्याकडे नाहीत, पण शेजारच्या धुऱ्यावरून येत असतील तर ती अख्खी टाकू नका. थाळीएवढी पानं एकावर एक चिकटून चटई होते आणि खाली पाणी-हवा जात नाही. वाळलेली असताना काठीने झोडपून चुरा करा. कडुनिंबाचं काहीजण म्हणतात की कडू पाल्याचं खत होत नाही. होतं. सुरुवातीला थोडं रेंगाळतं, पण शेण आणि हिरवं मिसळलं की इतर पानांसारखंच कुजतं.

उधईसाठी विष टाकू नका, ते खतातून भाजीत येतं. उधई कोरड्या, शांत पडलेल्या काडीला येते. ओल आणि उष्णता असलेल्या टाकीत ती टिकत नाही. म्हणजे टाकीत उधई दिसली तर ती तुम्हाला पाणी कमी पडल्याचं सांगते आहे.

गांडुळांबद्दल. ते मेले यात त्यांचा दोष नाही आणि विकणाऱ्याचाही बहुधा नाही. गांडुळांना 25-30 अंश मानवतात, 35 च्या वर ती तग धरत नाहीत, आणि तुम्ही त्यांना एप्रिलच्या खड्ड्यात सोडलं. कच्चा, तापणारा माल जुलैतही त्यांना मारतो. हवेच असतील तर टाकी थंड झाल्यावर, अर्धवट कुजलेला माल सावलीत 3 फूट रुंद आणि दीड फूट उंच रचून त्यात सोडा. उन्हाळ्यात बियाण्यापुरते गांडूळ जुन्या माठात, ओल्या पोत्याखाली, झाडाच्या गर्द सावलीत जगवायचे. पण पहिल्या वर्षी गांडूळ विसरा. आधी टाकी जमू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, कल्चरचा. शेण आणि हिरवं योग्य प्रमाणात असेल तर वेगळं काही लागत नाही, शेणात जिवाणू पुरेसे असतात. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिळाला तर टनाला 1 किलो, शेणपाण्यात कालवून, तोही टाकीची उष्णता उतरल्यावर दुसऱ्या भरणीनंतर छिद्रांतून द्या. शेण अजिबात मिळत नसेल तर 100 किलो कोरड्या पानांना 1 किलो युरिया पाण्यात विरघळवून चालतो. ज्यांना रासायनिक काही नको असेल त्यांनी शेंगदाण्याची किंवा सरकीची ढेप पाण्यात भिजवून घालावी.

हे सगळं 11 घरांत कसं चालेल, ते तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. तरी दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. पहिली, शेणाची किंमत. आता प्रत्येक घरी जनावरं नाहीत. ज्या दोन-तीन घरी आहेत त्यांचं शेण फुकट धरलं तर दुसऱ्या वर्षी ते देणार नाहीत. खताच्या वाटणीत शेण देणाऱ्याला एक हिस्सा जास्त द्या. दुसरी, भरणी एकाच दिवशी व्हावी. रोज थोडं-थोडं टाकलं तर टाकी तापत नाही. 8-10 माणसं मिळून सकाळी लागली तर दुपारपर्यंत टाकी लिंपून होते. आधीच्या आठवड्यात प्रत्येकाने आपलं तण आणून जागेवर पसरून ठेवायचं.

खत झालं की नाही ते रंगावर ठरवू नका, अर्धकच्चं खतही काळं दिसतं. मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून 3 दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर झालं, आंबूस आला तर अजून महिनाभर राहू द्या. शंका असेल तर खतात निम्मी माती मिसळून मुगाचे 10 दाणे टाका. 8-9 उगवून हिरवे उभे राहिले पाहिजेत. वाळूच्या चाळणीने चाळून घ्या, वर राहिलेल्या काड्या पुढच्या टाकीत विरजण म्हणून जातात. चाळताना पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना घाला, त्यात हुमणी असू शकते आणि ती भाजीची मुळं खाते. परसबागेत चौरस मीटरला 2-3 किलो, मोठ्या लिंबाला 10-15 किलो, कुंडीत दोन भाग मातीला एक भाग. या खतात नत्र साधारण 0.5 ते 1.5 टक्के असतो, तेव्हा वांगी-मिरचीसारख्या खादाड पिकांना वरून शेणखत किंवा ढेप लागेलच.

या आठवड्यात मात्र एवढंच करा: एक जाळी आणून उभी करा आणि रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी, सगळ्यांच्या देखत पहिली 12 पोती त्यात तुडवा. बाकीच्या चार जाळ्यांची जागा नंतर ठरवता येईल. जुना खड्डा लगेच बुजवू नका, आधी त्यातला सडका माल उपसून उन्हात पसरा. दोन दिवसांत वास जाईल, आणि जुलैत तोच माल पहिल्या टाकीच्या थरांमध्ये मिसळता येईल. रिकामा खड्डा पावसाळ्यात वरून येणारं पाणी मुरवायला म्हणून उपयोगी पडत नाही, काळ्या जमिनीत ते साचून डास होतील, तेव्हा पावसाआधी त्यात मुरूम भरून टाका.